दिवा थरथरतो तेव्हा

गोल्फ हा खेळ आमच्या गावात कुणी खेळत नाही. दाभोळच्या खाडीकाठी आमचे गाव. सपाट जमिनीचा तुकडा दिसला की त्यात भात लावायचा आणि भात निघाला की पोरांनी तिथे क्रिकेट खेळायचे, एवढेच आम्हांला ठाऊक. तरीही गोल्फच्या मैदानावरचे गवत कसे कापतात, त्याला पाणी कुठून येते, तिथे फिरणाऱ्या छोट्या गाड्या कशा चालतात, याची बारीकसारीक माहिती आमच्या मोहल्ल्यातल्या पाच-सहा घरांत सहज मिळते. त्या घरांतली कर्ती माणसे आखातात अशाच मैदानांवर नोकरी करतात. आमच्या आजोबांची पिढी जहाजांवर खलाशी होती. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, तसा कोकणातला ओघ समुद्राकडून वाळवंटाकडे वळला. आमचे थोरले भाई २००२ साली गेले ते अजून तिथेच आहेत. शिक्षण दहावी आणि पुढे आयटीआय. हुद्दा म्हणाल तर एका गोल्फ क्लबच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक.

दुबईत १९८८ साली एमिरेट्स गोल्फ क्लबचे मैदान सुरू झाले. त्या भागातले हे पहिले मोठे हिरवळीचे मैदान. त्याआधी तिकडे वाळूतच खेळत. चेंडू खळग्यात ढकलायची जागा तेल मिसळलेल्या वाळूची असे आणि तिला 'ग्रीन' न म्हणता 'ब्राऊन' म्हणत. पुढे अशी हिरवी मैदाने वाढत गेली. भाई ज्या मैदानावर आहेत ते वेगळे आहे. त्याचे नाव इथे लिहीत नाही. २०२४ च्या उन्हाळी सुट्टीत आम्ही महिनाभर त्यांच्याकडे राहून आलो. लोक दुबईहून सोने आणतात. आम्ही गाडीच्या दिव्याची एक गोष्ट घेऊन आलो. शिक्षकाच्या कामाची आहे, म्हणून सांगतो.

आधी ती गाडी समजून घेतली पाहिजे. खेळाडू ज्या गाड्यांत बसतात त्या तिथे विजेवर चालतात, कारण त्यांना आवाज नसतो. पण गवत राखणारे, पाण्याचे फवारे बघणारे, वाळू ओढणारे जे कामगार असतात, त्यांच्याकडे पेट्रोलच्या गाड्या असतात. गाडीच्या पुस्तकात तिला 'गॅस कार्ट' म्हटलेले असते. आपल्याकडच्या वाचकाला सीएनजीची रिक्षा आठवेल. पण अमेरिकेत पेट्रोललाच गॅस म्हणतात आणि या गाड्यांचे माहेर अमेरिकेत आहे. जॉर्जिया राज्यातले ऑगस्टा हे गाव गोल्फच्या स्पर्धेसाठी जसे प्रसिद्ध, तसेच या गाड्या बनवणाऱ्या दोन मोठ्या कंपन्यांसाठीही.

या पेट्रोलच्या गाडीची एक गंमत आहे. पायातले पेडल दाबले की इंजिन सुरू होते, पाय उचलला की बंद. दिवसातून शेकडो वेळा इंजिन असे सुरू-बंद होते. त्यासाठी इंजिनाला बेल्टने जोडलेले एकच यंत्र दोन कामे करते. पेडल दाबताच ते बॅटरीतून वीज घेऊन इंजिन फिरवते आणि इंजिन चालू लागले की तेच यंत्र उलट वीज तयार करून बॅटरीला परत देते. म्हणून त्याला स्टार्टर-जनरेटर म्हणतात. देणाराही तोच, घेणाराही तोच. बॅटरी एकच, बारा व्होल्टची. पुढचे दोन दिवे तिच्यावरच लागतात. गाडी उभी असेल तेव्हा इंजिन बंदच असते, म्हणजे त्या वेळी दिव्यांचा सगळा भार एकट्या बॅटरीवर.

आम्ही पोहोचायच्या महिनाभर आधी, १६ एप्रिल २०२४ रोजी, संयुक्त अरब अमिरातीत विक्रमी पाऊस झाला होता. तिथे १९४९ पासून पावसाच्या नोंदी आहेत. तेव्हापासून इतका पाऊस कधी नोंदला गेला नव्हता. अल ऐनकडच्या एका केंद्रावर चोवीस तासांच्या आत सुमारे २५४ मिलिमीटर पाऊस पडला. आषाढात कोकणात एवढा पाऊस पडला तर आम्ही शाळेला सुट्टी मिळते का बघतो आणि खिडकीत बसतो. पण तिथे पाणी वाहून जायला ओढे नाहीत, नाले नाहीत. रस्ते बुडाले, विमानतळ बुडाला. भाईंच्या मैदानावरच्या सखल भागात कामाच्या काही गाड्या दोन दिवस गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. पाणी ओसरले, गाड्या वाळवल्या, तेल बदलले आणि त्या कामावर लागल्या.

त्यांतली एक गाडी रात्रीच्या पाळीवर पाण्याचे फवारे तपासणाऱ्या एका माणसाकडे होती. बिहारकडचा, पन्नाशी ओलांडलेला, तीन मुले गावी शिकत असलेला. उन्हाळ्यात तिथे गवताला पाणी रात्रीच द्यावे लागते. म्हणून हा माणूस रात्री दहापासून पहाटेपर्यंत अंधाऱ्या मैदानात त्या गाडीने फिरे. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात एका रात्री छोट्या पुलावरून उतरताना त्याची गाडी वाटेवरून घसरली आणि पाण्याच्या व्हॉल्व्हच्या पेटीवर आदळली. गुडघ्याला मुका मार लागला. पेटीचे झाकण फुटले.

सुपरवायझरचे म्हणणे सरळ होते. वाट तीच, पूल तोच, माणूस रोजचा. मग गाडी घसरली कशी? झोप लागली असणार. एक ताकीदपत्र त्या माणसाच्या फाइलीत आधीपासून होते. दुसरे पडले की कराराचे नूतनीकरण होत नाही, असे सगळे कामगार समजून होते. दुसरे पत्र टाइप होऊन तयार होते. फक्त नियम म्हणून वर्कशॉपचा अहवाल जोडायचा होता: गाडीत दोष होता का, होय की नाही. तो अहवाल सकाळी आठच्या आत भाईंनी द्यायचा होता.

भाई त्या दिवशी खोलीवर आले ते गप्पच होते. जेवताना म्हणाले, "मास्तर, आज रात्री माझ्याबरोबर चल. परवानगी काढली आहे. इंग्रजी लिहायला माणूस हवा."

आम्ही बी.एड. केले तेव्हा 'नैदानिक चाचणी आणि उपचारात्मक अध्यापन' हा घटक अभ्यासक्रमात होता. परीक्षेत त्यावर हमखास टीप येई. मूल कुठे अडते ते आधी शोधा, मग उपाय करा, असा त्याचा सारांश. उत्तरपत्रिकेत आम्ही ते पाठ करून लिहिले होते आणि गुणही बरे मिळाले होते. त्या रात्री वर्कशॉपमध्ये भाईंनी केले ते पाहताना आम्हांला तो घटक पहिल्यांदा पाठ्यपुस्तकाबाहेर दिसला. भाईंनी बी.एड. केलेले नाही, हे पुन्हा सांगायला नको.

गाडीला अडकवलेले कामाचे कार्ड भाईंनी आधी वाचले. एप्रिलच्या अखेरीस नोंद होती: 'हेडलाइट लुकलुकतात. दोन्ही बल्ब बदलले.' मेच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा: 'हेडलाइट लुकलुकतात. दोन्ही बल्ब बदलले.' दोन्ही नोंदी दिवसपाळीच्या होत्या. दिवसा बल्ब बदलायचा, बटण दाबून लागतो का बघायचे आणि सही करायची. कार्ड खाली ठेवून भाईंनी पान्याला हातही लावला नाही. त्यांनी त्या माणसाला बोलावून आणले. तो लंगडत आला आणि दारातच उभा राहिला. भाईंनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिले.

"बत्ती कब काँपती है?" भाईंनी विचारले.

त्या माणसाचा चेहरा आम्हांला अजून आठवतो. महिनाभरात त्याला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. तो हळूहळू बोलू लागला. गाडी उभी असताना बत्ती ठीक असते. सपाट वाटेवर ठीक. पुलाच्या फळ्यांवर, उतारावर, खडबडीत जागी काँपती है. कधी कधी क्षणभर अगदी लाल होते आणि परत येते. दोन्ही बत्त्या एकदमच. पेडल दाबताना थोडी झुकते, पण ते तर पहिल्यापासून आहे.

भाईंनी आमच्याकडे वळून बोटांवर मोजून दाखवले. पेडल दाबताना दिवा किंचित झुकतो, ते या गाडीत स्वाभाविक आहे. इंजिन फिरवायला स्टार्टर त्या क्षणी बॅटरीतून भरपूर वीज ओढतो. तो दोष नव्हे. इंजिनाचा वेग वाढेल-कमी होईल तसा दिवा वाढत-कमी होत असता, तर बेल्ट, जनरेटर किंवा व्होल्टेज रेग्युलेटरकडे बघावे लागले असते. एकच दिवा थरथरत असता, तर त्याचा बल्ब, होल्डर किंवा त्याची वायर. पण दोन्ही दिवे एकदम थरथरतात आणि तेही हादरा बसला की. म्हणजे दोष दोघांच्या सामाईक वाटेवर आहे आणि तिथले काहीतरी हलते आहे. दोन्ही बल्ब एकाच क्षणी बिघडत नसतात.

एवढे ऐकून आम्ही म्हणालो, "भाई, तुम्ही गाडीला हात न लावता अर्धे निदान केलेत."

"मी कुठे? त्याने केले," भाई म्हणाले आणि खुर्चीकडे बोट दाखवले.

मग कामाला सुरुवात झाली. भाईंनी हातातले धातूच्या पट्ट्याचे घड्याळ काढून खिशात टाकले. बॅटरीच्या दोन टोकांना चुकून धातू लागला तर हात भाजतो, शिवाय बॅटरीतून निघणारा हायड्रोजन पेट घेऊ शकतो. इंजिन बंद ठेवून त्यांनी नुसते दिवे लावले आणि आम्हांला गाडीच्या पुढच्या भागावर दोन्ही हातांनी दाबून ती हलवायला सांगितले. आम्ही गाडी हलवली. समोरच्या भिंतीवर पडलेला उजेड थरथरला. एकदा तर लाल होऊन विझल्यासारखा झाला. आम्ही थांबलो, उजेडही थांबला.

"बघ," भाई म्हणाले, "इंजिन बंद आहे. आता बेल्ट, जनरेटर, रेग्युलेटर सगळे सुटले. त्यांच्यावर आरोप नाही."

आरोप हा शब्द त्यांनी सहज वापरला. पण त्या रात्री तोच शब्द योग्य होता.

नंतर त्यांनी मल्टिमीटर काढला. दिवे बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत होती, म्हणजे पूर्ण भरलेली. दिवे लावल्यावर १२.४. हेही ठीक. बॅटरीच्या टोकांवर थोडी पांढरट-हिरवी पूड होती. ती त्यांनी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतली, टोके घासली, घट्ट केली. काढताना आधी ऋण टोक काढायचे आणि लावताना ते शेवटी लावायचे, म्हणजे पाना चुकून गाडीच्या सांगाड्याला टेकला तरी ठिणगी पडत नाही. पुन्हा गाडी हलवली. उजेड पुन्हा थरथरला. बॅटरीची टोकेही निर्दोष सुटली.

आता मीटरच्या तारा दिव्यापाशी लावल्या. बॅटरीत १२.४ व्होल्ट आणि दिव्याला पोहोचत होते १०.७. वाटेत १.७ व्होल्ट कुठेतरी हरवत होते. ऐकायला हे थोडेसे वाटते. पण तारेच्या बल्बचा स्वभाव असा, की व्होल्टेज थोडे उतरले तरी उजेड पुष्कळ उतरतो. व्होल्टेजमधली ही चौदा टक्क्यांची घट उजेडातून जवळजवळ चाळीस टक्के खाऊन टाकते. हादऱ्यात ती घट आणखी वाढली की दिवा लाल. अंधाऱ्या उतारावर माणसाला पुलाची कड दिसायची ती एवढ्यातच दिसेनाशी होते.

हरवलेले १.७ व्होल्ट शोधायची भाईंची रीत साधी होती. विजेला दोन वाटा असतात: एक दिव्याकडे जायची, एक दिव्याकडून बॅटरीत परत यायची. दिवे चालू ठेवून मीटरचे एक टोक बॅटरीच्या धन टोकावर आणि दुसरे दिव्याच्या धन तारेवर ठेवले. फरक ०.२ व्होल्ट. म्हणजे जायची वाट, तिच्यातला फ्यूज आणि बटण धरून, चांगली. मग एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरे दिव्याच्या काळ्या तारेवर. मीटर म्हणाला १.५. आम्ही गाडी हलवली, तसा आकडा दोन, तीन, पुन्हा दीड असा नाचू लागला. ०.२ आणि १.५ मिळून १.७. हिशेब पुरा झाला. गणिताच्या तासाला ताळा करून दाखवतो तसा.

"जायची तार सगळे बघतात," भाई म्हणाले, "यायची तार कुणी बघत नाही."

गाड्यांमध्ये परतीसाठी प्रत्येक दिव्याला बॅटरीपर्यंत वेगळी तार क्वचितच ओढतात. काळी तार जवळच्या सांगाड्याला बोल्टने आवळतात आणि लोखंडाचा सांगाडाच परतीचा रस्ता होतो. मेकॅनिक त्याला बॉडी अर्थ म्हणतात. खात्री करण्यासाठी भाईंनी एक मोकळी वायर घेतली आणि दिव्याच्या काळ्या तारेपासून थेट बॅटरीच्या ऋण टोकाला जोडली. आम्ही पुन्हा गाडी हलवली, चांगली जोरात. भिंतीवरचा उजेड स्थिर. वायर काढली, उजेड थरथरला. लावली, थांबला. तिसऱ्यांदा तो बिहारचा माणूस खुर्चीतून उठून स्वतः गाडी हलवायला आला. त्याने हलवली, उजेडाकडे पाहिले आणि काही न बोलता परत जाऊन बसला.

मग पुढचे प्लॅस्टिकचे आवरण उघडले. आत, अगदी खालच्या बाजूला, दोन्ही दिव्यांच्या काळ्या तारा एका बोल्टखाली आवळलेल्या होत्या. बोल्ट तांबूस झाला होता. तारेच्या टोकाच्या लगखाली गंजाचा पापुद्रा धरला होता. गंज वीज नेत नाही. त्या पापुद्र्यात कुठेतरी सुईच्या टोकाएवढा धातू धातूला टेकत होता, त्यावर दोन्ही दिवे जगत होते. हादरा बसला की तेवढेही सुटत होते. भाईंनी आवरणाच्या आतल्या बाजूला बोट लावून दाखवले. पाणी चढले होते तिथवर वाळलेल्या गाळाची सरळ रेघ उमटलेली होती. बोल्ट त्या रेघेच्या चार बोटे खाली होता. एप्रिलच्या पावसाने सही करून ठेवली होती.

दुरुस्तीला अर्धा तासही लागला नाही. बॅटरीचे ऋण टोक सोडले. बोल्ट काढला, सांगाड्यावरची जागा पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासली, तारांना नवे लग दाबून बसवले, खाली दातेरी वॉशर, वर नवा बोल्ट, आणि घट्ट आवळल्यावर पाणी लागू नये म्हणून वरून पेट्रोलियम जेलीचा थर. पुन्हा मोजले. परतीच्या वाटेवर ०.१ व्होल्ट. दिव्याला १२.१. मागची चाके जॅकने उचलून, खाली स्टँड आणि पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावून इंजिनही चालवून बघितले. बॅटरीवर १४.१ व्होल्ट, म्हणजे चार्जिंग व्यवस्थित. जे आधीच सुटले होते त्याचीही नोंद असावी, असा भाईंचा आग्रह होता. उद्या कुणी विचारले तर उत्तर हवे.

बल्ब बदलायची गरज नव्हती. तसे म्हटले तर आधीही नव्हती.

पहाटे तीनच्या सुमारास आम्ही अहवाल लिहायला बसलो. आपल्याकडे साडेचार वाजले असतील. गावात फजरच्या अजानीची वेळ होत आली असेल. कोरा फॉर्म समोर होता आणि त्यात 'चालकाचा दोष' आणि 'वाहनाचा दोष' असे दोन चौकोन होते. चौकोनात खूण करून काम भागले असते. पण नुसत्या खुणेवर कुणी विश्वास ठेवत नाही, निदान वर्कशॉपमधल्या मेकॅनिकच्या खुणेवर तरी नाही. म्हणून आम्ही पाठ टाचणासारखे रकाने आखले: चालकाने सांगितलेली लक्षणे, केलेली चाचणी, मिळालेला आकडा, निष्कर्ष, दुरुस्ती आणि दुरुस्तीनंतरचा आकडा. प्रत्येक ओळीत एकच गोष्ट. भाई सांगत गेले, आम्ही सोप्या इंग्रजीत लिहीत गेलो. विशेषण एकही घातले नाही. शेवटी एवढेच लिहिले, की हा दोष असताना खडबडीत उतारावर पुढचे दिवे क्षणभर जवळजवळ विझतात, आणि कार्डावरच्या नोंदींनुसार चालकाची तक्रार एप्रिलपासून दोनदा नोंदलेली आहे. त्या गंजलेल्या बोल्टला चिठ्ठी बांधून तोही अहवालाला जोडला.

सकाळी काय झाले ते आम्ही पाहिले नाही, भाईंनी सांगितले. सुपरवायझरने अहवाल दोनदा वाचला. बोल्ट हातात घेऊन बघितला. ताकीदपत्र फाइलीत गेले नाही. त्या माणसाला कुणी दिलगिरी सांगितली नाही, गुडघ्याच्या दुखण्यापायी बुडालेल्या दोन रात्रींचे पैसेही आले नाहीत. तिसऱ्या रात्री तो कामावर गेला, त्याच गाडीने. आठवड्याभरात पाण्यात उभ्या राहिलेल्या बाकीच्या गाड्यांचे बोल्ट उघडून बघायचा हुकूम निघाला, आणि त्यांतल्या तीन गाड्यांत तसाच गंज सापडला. म्हणजे आणखी तीन माणसे अशा उजेडात गाडी चालवत होती. त्यांनी तक्रार केली नव्हती. का केली नव्हती, हे त्या बिहारच्या माणसाच्या फाइलीकडे पाहिले की कळते.

आम्ही परत निघायच्या आधी भाईंनी एक काम दिले. वर्कशॉपच्या भिंतीवर लावायला दिव्यांच्या तक्रारीचा एक तक्ता हवा होता, हिंदीत आणि उर्दूत. आम्ही शाळेत तक्ते करतोच. मोठ्या अक्षरांत लिहिले: एक दिवा की दोन्ही? उभी असताना की चालताना? हादऱ्यावर की इंजिनाच्या वेगावर? इंजिन बंद ठेवून हलवून बघा. जायची वाट मोजा. यायची वाट मोजा. बल्ब सगळ्यात शेवटी. या सगळ्याच्या वर भाईंनी एक ओळ घालायला लावली, ती इतर ओळींपेक्षा मोठी: सबसे पहले चलाने वाले से पूछिए.

जूनच्या मध्याला शाळा सुरू झाली. आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेत सातवीत एक मुलगा आहे. सहावीच्या वर्गशिक्षकांनी त्याच्याविषयी लिहून ठेवले होते: 'हुशार, पण लक्ष नाही. कधी चमकतो, कधी विझतो.' घरच्यांनी त्याला गणिताची शिकवणी लावली होती, मग मराठीची. आमच्या मुलांना मराठी ही दुसरी भाषा म्हणून शिकावी लागते, त्यामुळे मूल अडखळले की पहिला संशय मराठीवर जातो. शिक्षकांच्या खोलीत आता इंग्रजीच्या शिकवणीची गोष्ट निघाली होती.

आम्ही त्याच्या वह्या मागवल्या. उर्दूची वही बघितली, गणिताची बघितली, मराठीची बघितली. तिन्हींत सारखेच. काही पाने स्वच्छ, मोत्यासारखी. काही पानांवर अर्धेच शब्द, आकडे गाळलेले, ओळी सोडलेल्या. तोंडी विचारले की तिन्ही विषयांत उत्तर बरोबर. तीन दिवे एकदम थरथरत होते, मग दोष उर्दूत नाही, गणितात नाही आणि मराठीतही नाही. तारखा आणि तासिका लावून बघितल्या. स्वच्छ पाने सकाळच्या तासांची, अर्धवट पाने दुपारच्या तासांची. एवढे झाल्यावर भाईंच्या तक्त्यातली वरची ओळ आठवून आम्ही मधल्या सुट्टीत त्याला जवळ बसवले आणि विचारले, "बेटा, फळ्यावरचे लिहून घ्यायला कधी जमत नाही?"

तो लगेच म्हणाला, "सर, दुपारी. ऊन पडले असेल तेव्हा. खिडकीतून फळ्यावर चमक येते, मग अक्षरे दिसत नाहीत."

"आणि सकाळी?"

"सकाळी दिसतात. पण डोळे बारीक करावे लागतात."

हे त्याने लपवून ठेवलेले नव्हते. शिकवणीवाल्यांनी त्याला पाढे विचारले होते, व्याकरण विचारले होते; दिसते का, हे कुणी विचारले नव्हते. त्याच्या अम्मीला बोलावले, ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासून घेतले. दोन्ही डोळ्यांना उणे दोनचा चष्मा लागला. वर्गातली खिडकी आम्ही जुन्या पडद्याने झाकली आणि त्याला दुसऱ्या बाकावर आणले.

तो मुलगा पहिला-दुसरा आला असे काही झाले नाही. दिवाळीआधीच्या परीक्षेत तो वर्गात मध्यावर होता. पण त्याची सगळी पाने आता एकसारखी असतात, सकाळची आणि दुपारची. चुका अजून होतात. पण आता तो चुकतो ते अपूर्णांकांच्या बेरजेत चुकतो, आणि अपूर्णांकांची बेरीज शिकवायला आम्ही शाळेत बसलोच आहोत.